वाघोबापुढची शपथ आणि देशी टॉर्च

संपादकांचा फोन आला तेव्हा माझ्या एका हातात सोल्डरिंगची गन होती आणि दुसऱ्या हातात एका मास्तरांचा रेडिओ. "तुमच्या धंद्याबद्दल लिहा, पण रडगाणं नको," ते म्हणाले. मी म्हटलं, "रडायचं काम गिऱ्हाइकांचं, मी रिपेअरवाली आहे," आणि फोन ठेवला. मग वाटलं, उगाच तोडून बोलले. बिचाऱ्यांनी प्रेमाने सांगितलं होतं. म्हणून लिहायला बसले आहे.

मूल नावाच्या आमच्या गावात, बाजारओळीत, तांदळाच्या ठोक दुकानांची रांग संपते तिथे माझं दुकान आहे. पाटीवर माझंच नाव आहे, शालू. लोक 'रेडिओवाली बाई' म्हणतात. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा ट्रेड घेतला तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. बाबांनी विचारलं होतं, "शिवणकाम काऊन नाई घेत?" मी म्हटलं, "शिलाई मशीनमधून नुसता आवाज येते, गाणं नाई येत." त्यावर बाबांनी कपाळाला हात लावला. फी मात्र भरली.

या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर एक विद्या आपोआप येते. सेट उघडला की तो कुठून आला हे मी न विचारता सांगते. राजुऱ्याकडचा असेल तर आत खाणीतल्या कोळशाची काळी भुकटी. आमच्या मूलचा असेल तर राईस मिलचा कोंडा, हात लावला की अंगाला खाज सुटते. गडचिरोलीच्या जंगलातून आलेला असेल तर मुंग्यांचं वारूळ, पालीची अंडी, आणि एकदा तर आख्खी विंचवीण पोरांसकट. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, "भाऊ, तुमच्या टीव्हीत अख्खं कुटुंब पाहून राह्यलं होतं सिरियल." तो इतका लाजला की स्वतःच झाडू घेऊन माझं दुकान झाडून गेला.

पण मला ज्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे तो वेगळाच. तो मला रोज विचारला जातो. "बाई, हे चायनाचं आहे का?"

हा प्रश्न दोन सुरांत येतो. एका सुरात माणसाला 'हो' ऐकायचं असतं, कारण चायनाचं म्हणजे स्वस्त. दुसऱ्या सुरात त्याला 'नाही' ऐकायचं असतं, कारण छातीत देश उसळलेला असतो. कधी कधी एकच माणूस एकाच आठवड्यात दोन्ही सुरांत विचारतो. सोमवारी मुलासाठी चार्जर घ्यायला येतो तेव्हा एक सूर, आणि पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी दुसरा.

आता बाहेरच्या माणसासाठी सांगते. टॉर्चमध्ये असतं काय? उजेड देणारा एक दाणा, त्याला एलईडी म्हणतात. वीज साठवणारा सेल. चार्जिंगची बोटभर प्लेट. आणि बटण. बाकी सगळं प्लास्टिकचं अंग. खोक्यावर आपल्या कंपनीचं नाव असतं, बाजूला तिरंगाही असतो, आणि ते नाव खोटं नसतं. कारखाना इथला असतो, जोडणारे हात इथले असतात, पगार इथल्या घरात जातो. पण दाणा आणि प्लेट बहुतेक वेळा समुद्रापलीकडून आलेली असते. मी हे दोन्ही बाजूंना खरं सांगते आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाते.

मीही एकेकाळी माल बनवत होते, हे आजच्या पोरांना सांगितलं तर पटत नाही. तेव्हा गावोगावी व्होल्टेजची बोंब होती. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला बल्ब विडीच्या टोकासारखा लाल व्हायचा आणि टीव्हीतलं चित्र आक्रसून जायचं. मी स्टॅबिलायझर बनवायचे. तांब्याची तार स्वतः गुंडाळायची, पत्रे स्वतः ठोकायचे, वर पिवळा रंग. माझे पिवळे डबे सिरोंच्यापर्यंत गेले होते. मग बाहेरचे हलके, चकचकीत डबे आले, माझ्या तांब्याच्या किमतीत आख्खा डबा. त्यानंतर असे टीव्ही आले की ज्यांना स्टॅबिलायझरच लागत नाही. माझं गुंडाळायचं यंत्र माळ्यावर गेलं. सिरोंच्याच्या एका घरी माझा डबा अजून चालू आहे असं कळलं तेव्हा मी फुलून गेले. पुढे कळलं, त्याला जोडलेलं काहीच नाही. गरम होतो म्हणून त्यावर कोंबडी बसते. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण कोंबडीला तरी उपयोग झाला.

तरीही मी चायना मालाला सरसकट नावं ठेवत नाही. आमच्या जंगलपट्टीत उजेड स्वस्त झाला तो त्यांच्या दाण्यामुळे. पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया, तलावावर जाळं उचलायला जाणारे धीवर, रात्रपाळीचे शेतकरी, यांच्या हातात पूर्वी काय होतं? कंदील, नाहीतर दोन सेलची मिणमिणती टॉर्च, सेल महाग म्हणून तीही वाचवून वाचवून पेटवायची. आता प्रत्येक घरात, प्रत्येक खुंटीला टॉर्च आहे. मी स्वदेशीवाली आहे, आंधळी नाही.

तर एका वर्षी चीनच्या सीमेवरून वाईट बातमी आली. आपले जवान गेले. सगळीकडे लोकांचं रक्त तापलं, आमच्या मूलमध्येही तापलं. माझ्या दुकानासमोर नितीनचं मोबाईलचं दुकान आहे. पोरगा उत्साही, तोंडाचा गोड, मनाचा वाईट नाही. त्याने बहिष्काराचा कार्यक्रम हाती घेतला. चौकात भाषण, मग गावोगाव सभा, 'चायनाची वस्तू वापरणार नाही' अशी शपथ. त्याच्या स्वतःच्या दुकानात कव्हरपासून चार्जरपर्यंत सगळा माल तिकडचा. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "काकू, स्टॉक संपला की बंद." हातातला माईकही तिकडचाच होता. तो मी दोनदा रिपेअर केला होता, म्हणून मला माहीत.

तासाभराच्या अंतरावर तलावाकाठी एक गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, तिथले झिंगरूभाऊ रागावतील. नितीनने तिथे शाळेच्या पटांगणात सभा घेतली आणि सगळ्यांना हात वर करायला सांगितलं. तेव्हा गावचे पोलीस पाटील म्हणाले, "शपथ घ्यायची तं वाघोबापुढं घ्या जी. शाळेपुढं घेतलेली पोरायच्या पायाखाली येते."

वाघोबा म्हणजे शिवेवरच्या मोहाच्या झाडाखालचा शेंदूर लावलेला दगड. आमच्याकडे जंगलाकाठच्या गावांत तो असतोच. त्याच्यापुढे मुठीत तांदूळ घेऊन शब्द द्यायचा आणि तांदूळ दगडावर सोडायचे. तांदूळ पडले की शब्द पक्का. तो मोडला तर वाघोबा त्या माणसावरची नजर काढून घेतो, आणि मग रानात वाघ भेटला तर तक्रार करायला जागा राहत नाही. नितीनला हे सगळं फार आवडलं. सगळं गाव तांदूळ सोडत होतं तेव्हा त्याने फोटो काढले, मोबाईलवर टाकले आणि मूलला परत आला. त्याच्यासाठी ती सभा होती. गावासाठी ते वाघोबाला दिलेलं वचन होतं, आणि एवढा फरक त्या पोराच्या लक्षातच आला नाही.

थोड्या दिवसांत लोकांची अडचण व्हायला लागली. टॉर्च नाही, मोबाईल नाही, कसं चालायचं? मग एकेक जण नारळ घेऊन वाघोबाकडे गेला, "देवा, चुकलो, घाईघाईत बोललो," म्हणाला, नारळ फोडला आणि मोकळा झाला. तशी सोय आहे. देव आमचा समजूतदार आहे. गाव मोकळं झालं. एकटे झिंगरूभाऊ तेवढे अडून बसले.

हे मला सांगितलं त्यांच्या बायकोने. पारबताबाई रोज सकाळी मूलच्या बाजारात मासळी विकायला बसते, माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. आमची जुनी मैत्री आहे. तिचा रेडिओ मी फुकट करून देते आणि ती मला मरळ मासा जिवंत देते, त्यामुळे फायद्यात कोण हे अजून ठरलेलं नाही. त्या दिवशी ती टोपली मांडायच्या आधीच माझ्याकडे आली आणि स्टुलावर बसली. ती कधी बसत नाही.

"शालू, बुढा टार्च घेऊन नाई राह्यला," ती म्हणाली.

"म्हणजे अंधारात जातात तलावावर?"

"अंधारात. चायनाची आहे म्हणते. वाघोबाले शबूद देला म्हणते."

झिंगरूभाऊ धीवर. रोज पहाटे, उजाडायच्या आत, तलावात टाकलेली जाळी उचलायला जातात, कारण मासळी मूलच्या बाजारात वेळेवर पोचली पाहिजे. गावापासून तलावाच्या पाळीपर्यंतची वाट नाल्याच्या कडेने, झुडपांतून जाते. आणि त्या मोसमात नाल्यात पिलांसकट वाघीण मुक्कामाला होती. वनखात्याने पाटी लावली होती. पलीकडच्या गावची एक बाई सरपणाला गेली ती परत आली नव्हती. अशा वाटेने साठी उलटलेला माणूस रोज उजेडाशिवाय चालला होता.

"मग नारळ फोडायला सांग ना," मी म्हटलं.

"सांगतलं. म्हणते, चूकच केली नाई तं माफी कायची मागू?" मग ती हळूच म्हणाली, "पोरगा आहे न तिकडं. बर्फात."

त्यांचा धाकटा मुलगा फौजेत आहे. त्या वर्षी तो तिकडच्याच सीमेवर होता. म्हातारा म्हणत होता, पोरगा ज्यांच्यासमोर छाती काढून उभा आहे, त्यांच्याच उजेडात मी वाट चालू का? यावर काय बोलणार? मोबाईलही त्यांनी सोडला होता. मुलाचा फोन आला की पारबताबाई बोलायची आणि हे हातभर लांब उभं राहून तिला सांगायचे, "इच्यार त्याले, जेवला का? इच्यार, थंडी किती आहे?" तिकडून मुलगा ओरडायचा, "बाबा, मले आयकू येऊन राह्यलं, तुमीच बोला न!" पण नाही.

पारबताबाईने मग खरं काम सांगितलं. "तू एक टार्च घेऊन ये. आपल्या कंपनीची. अन् सांग त्याले, सारं आपलंच आहे म्हणून. तुया शबूद तो मानते."

मी म्हटलं, येते. आपल्या कंपनीची चांगली टॉर्च निवडली, खोक्यावर तिरंगा असलेली. रविवारी बसने गेले. झिंगरूभाऊ पडवीत जाळं विणत बसले होते. त्यांनी टॉर्च हातात घेतली, फिरवली, बटण दाबून पाहिलं. चेहरा खुलला. मग सरळ माझ्याकडे पाहून विचारलं, "बाई, आत काय आहे?"

मी वाटेभर ठरवत आले होते की एकच शब्द बोलायचा, 'आपलंच'. एका माणसाचा जीव वाचतो, त्यात कसलं पाप? पण तो माणूस माझ्याकडे असा पाहत होता की माझी जीभच वळेना. खोटं बोलून त्याच्या मुठीतले तांदूळ मी परस्पर नासवणार, आणि त्याला पत्ताही लागणार नाही, हे मला जमेना. मी म्हटलं, "भाऊ, कंपनी आपली, जोडणी आपली, पण दाणा आणि प्लेट तिकडची आहे."

त्यांनी टॉर्च माझ्या पिशवीत हलकेच परत ठेवली. "तू खरं सांगतलं, बरं केलं," म्हणाले, आणि पारबताबाईला म्हणाले, "बाईले चहा दे." पारबताबाईने चहा दिला, पण कप असा आदळला की अर्धा चहा बशीत आला.

मूलला आल्यावर मी तशीच नितीनच्या दुकानात शिरले. गिऱ्हाईक होतं तरी बोलले. "तुझ्या फोटोपायी एक म्हातारा वाघाच्या तोंडात चालला आहे. शपथ तू दिलीस, आता तूच सोडव." पोरगा पांढराफटक पडला. दुसऱ्याच दिवशी त्याने दुकान बंद केलं, नारळ घेतला आणि मला मोटारसायकलवर बसवून गावात नेलं. झिंगरूभाऊंपुढे हात जोडून म्हणाला, "काका, चूक माझी आहे. नारळ मी फोडतो. तुम्ही मोकळे."

झिंगरूभाऊ हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुई चूक असल तं तू फोड बापू. मी तुले शबूद कुठी देल्ला होता? मी त्याले देल्ला," म्हणाले आणि मोहाच्या झाडाकडे बोट दाखवलं.

नितीनने नारळ फोडला. स्वतःच्या नावाने फोडला. परत निघालो तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

पारबताबाई आम्हाला सडकेपर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, "बाई, मला माफ कर, माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही." ती म्हणाली, "जाऊ दे व. चालून राह्यलं न. मी जातो त्याच्या पुढं."

आमच्याकडे बायकासुद्धा 'जातो, करतो'च म्हणतात, त्यामुळे शब्दांत काही नवल नव्हतं. मी थांबले. "पुढं जातो म्हणजे?"

"टार्च घेऊन. मी कुठी शपथ घेतली? मी तं त्या दिवशी बाजारात होतो मासोळ्या घेऊन. मी टार्च लावतो अन् पुढं चालतो. तो माह्या मागून येते. उजेडाकडं पाहत नाई म्हणते, आपल्या पायाकडं पाहतो म्हणते."

म्हणजे इतके दिवस त्या वाघिणीच्या वाटेवर पहिलं पाऊल ही बाई टाकत होती! शब्द त्याचा, देश त्याचा, मुलगा दोघांचा, आणि पुढे चालणार ही. मला असा संताप आला की काय सांगू. झिंगरूभाऊंवर आला, नितीनवर आला, स्वतःवर आला. मी माघारी वळले. पारबताबाई "नको, नको" करत मागे धावली. पडवीत जाऊन मी म्हटलं, "झिंगरूभाऊ, तुमचा बाणा मोठा, कबूल. पण त्या बाण्याचा उजेड ही बाई धरून राह्यली आहे. वाघीण तुमच्या आधी हिला पाहील, एवढं तरी तुमच्या ध्यानात येते का?"

म्हातारा जाळं विणायचा थांबला. मग म्हणाला, "मी किती सांगतो नोको येऊ म्हणून. आयकत नाई. तूच काहीतरी कर न बाई. सारं आपलं असलेली एक टार्च बनवून दे. मी शपथ नाई मोडत, पन तिले पुढं नाई चालू देत."

सारं आपलं असलेली टॉर्च! मला हसू आलं आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात मशीन सुरू झालं. बनेल. का नाही बनणार? एलईडीचा दाणा नको ना? मग दाण्याशिवाय बनवू. दाणा यायच्या आधी दुनिया काय अंधारात बसली होती?

"बनवते," मी म्हटलं. "पण तोवर तुम्ही जाळी उजाडल्यावर उचलायची. मासळी उशिरा आली तर बाजार बुडत नाही. हा शब्द मला द्या, वाघोबाला नको." त्यांनी मान हलवली. पारबताबाईने माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले, कारण हेच वाक्य तिने कितीदा सांगितलं असेल.

आणि मग मी कामाला लागले. इतकी मजा मला स्टॅबिलायझरच्या दिवसांनंतर आली नव्हती. पहिला प्रश्न उजेडाचा. जुन्या टॉर्चचा बारका बल्ब चालणार नव्हता, त्याने पाच पावलं दिसतात आणि वाघ सहाव्या पावलावर उभा असतो. मग सुचलं, मोटारसायकलचा हेडलाईट! त्याचा तारेचा बल्ब आपल्याकडेच बनतो, आणि उजेड असा की नाल्याची पलीकडची कड दिसावी. त्याला लागणारी बॅटरीही आपल्याकडची, शिशाच्या पाट्यांची, वजनाने लहान मुलाएवढी. बल्ब तिची वीज घटाघटा पितो, पण तलावावर जाऊन यायला पुरेल एवढं गणित बसलं.

उजेड लांब फेकायला मागे चकचकीत वाटी लागते. नितीनच्या वडिलांची जुनी स्कूटर त्यांच्या परसात कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पडून होती, अस्सल इथली. नितीनने स्वतः तिचा हेडलाईट उतरवून आणला. वडील ओरडत होते, "माह्या लग्नातली गाडी आहे ती!" तो ऐकेना. वाटी पुसली तर आरशासारखी निघाली. पत्र्याचा डबा मूलच्या पत्रेवाल्याकडून करून घेतला. बटण भिंतीवरचं, काळं, टक्क आवाजाचं.

अडलं ते चार्जरला. आजकालचे सगळे चार्जर आत त्याच प्लेटा घेऊन येतात. मी माळ्यावरून गुंडाळायचं यंत्र काढलं, धूळ झटकली, तेल घातलं. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला. हात विसरले नव्हते. तार बोटांतून सरकायला लागली तशी मी गुणगुणायला लागले, आणि नितीन समोरून ओरडला, "काकू, आज काऊन इतक्या खुश?" वीज एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड लागतात, ते माझ्या जुन्या खणात निघाले. आपल्याच देशातल्या कारखान्याचे, तिथे असला माल बनत होता त्या दिवसांतले. मी ते का जपून ठेवले होते, देव जाणे. आता नवे तसे मिळणार नाहीत, आणि याची मला आजही चुटपुट लागते. आपल्याला हे सगळं बनवता येत होतं. आपण मध्येच सोडून दिलं.

पूर्ण झालेली वस्तू दिसायला देखणी नव्हती. खांद्याला लावायचा पत्र्याचा जड डबा, त्यातून वायर, वायरच्या टोकाला स्कूटरचा डोळा. दुकानात बटण दाबलं तर समोरच्या तांदळाच्या पोत्यांवर पिवळाजर्द झोत पडला आणि हमाल पोती टाकून बघायला आले. एक जण म्हणाला, "बाई, याच्यावर सीट लावा अन् चालवा." मी म्हटलं, "पेट्रोल तू भर." खरं सांगते, छाती भरून आली होती.

संध्याकाळच्या बसने गावात पोचले. झिंगरूभाऊंनी कंदिलापुढे डबा उघडायला लावला आणि एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारलं. हे कुठलं? आपलं. हे? आपलं. ही तार? आपली, आणि गुंडाळली मी. शेवटी तारा जोडणाऱ्या सोल्डरिंगच्या एका डागावर बोट टेकवलं. "अन् हे कथील?"

मी म्हटलं, "सोल्डरिंगची तार आपल्या कारखान्यातली आहे. कथील कोणत्या खाणीतून आलं ते मला माहीत नाही, भाऊ. माझी नजर जिथवर पोचते तिथवर सगळं आपलं आहे. त्याच्या पलीकडचं वाघोबा जाणे."

त्यांनी थोडा विचार केला. "मग त्याच्यावरच सोडू," म्हणाले आणि डबा बंद केला. डब्याला खांदेपट्टा नव्हता. त्यांनी जाळ्याच्या दोरीचा पट्टा तिथल्या तिथे विणला, इतका सुबक की मी बघत राहिले. ती नायलॉनची दोरी कुठल्या देशाची, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. तेवढं कळतं मला.

परतीची बस नव्हती म्हणून मी तिथेच झोपले. पहाटे टक्क असा आवाज झाला आणि सगळं अंगण पिवळं झालं. कुत्री भुंकायला लागली. झिंगरूभाऊ डबा खांद्याला लावून ताठ उभे होते, स्कूटरचा डोळा हातात धरून. पारबताबाईला म्हणाले, "आता तू नीज. तुये काम नाई."

पारबताबाईने खुंटीवरची आपली चायना टॉर्च काढली, पदर खोचला आणि टोपली उचलली.

"अवो, आता काऊन? हा उजेड पुरते न!"

"पुरते न. समोर पुरते," ती म्हणाली. "वाघ काय समोरून इच्यारून येते का? वाघ मागून येते. तुमी पुढचं पाहा. मागचं मी पाहतो."

झिंगरूभाऊंनी खांद्यावरचा पट्टा सारखा केला. ते वळले, दोन पावलं चालले, मग थांबून तिला जवळ येऊ दिलं.

मी दारात उभी राहून पाहत होते. तलावाच्या पाळीवर चढेपर्यंत दोन्ही उजेड दिसत होते, पुढचा पिवळा, मागचा पांढरा, आणि मधल्या तेवढ्याशा अंधारात नवरा-बायको एकमेकांशी भांडत चालले होते.